काका, हे इंजिन बोअर करून मिळत नाही

काका, नमस्कार.

नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण 'तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा आहे' असं लिहिलंत, तेव्हा काकाच म्हणतो. तुमच्या प्रतिक्रियेखाली उत्तर टाकायला बसलो आणि ते लांबत गेलं, म्हणून वेगळी पोस्टच करतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रोटरी म्हणजे ज्यात वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी तीन बाजूंचा रोटर गोल फिरतो ते इंजिन. मागच्या लेखात मी त्याला 'फसलेलं इंजिन' म्हटलं, त्यावर काका तापले. त्यांचं म्हणणं असं: ज्यात व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही, त्यात बिघडणार काय? 1.3 लिटरमध्ये 230 हॉर्सपॉवर देणारं दुसरं इंजिन दाखव. ले मान्सची चोवीस तासांची मोटारशर्यत जिंकल्याबरोबर त्याच्यावर बंदी आली, पिस्टनवाल्यांनी ते दाबलं. आणि रोटरी गाडीत कधी बसला नाहीस, तर लिहितोस कशाला? शिवाय लेखातला एक आकडाही साफ चूक आहे.

आकड्याची चूक कबूल. माझदाच्या आरएक्स-8 गाडीचा रोटर मिनिटाला 9000 फेरे घेतो असं मी लिहिलं होतं. 9000 फिरतो तो एक्सेंट्रिक शाफ्ट (पिस्टन इंजिनात क्रँक असतो त्या जागेचा), रोटर त्याच्या तिसऱ्या हिश्शानं, म्हणजे 3000. लेखात दुरुस्ती केली आहे. रोटरी गाडीत बसलेलो नाही हेही खरं. माझा माझदाशी आलेला सगळा संबंध शाळेच्या स्वराज माझदा बसपुरता, आणि तिच्यात डिझेलचं पिस्टन इंजिन होतं.

पण त्या तीनास एक हिशोबातच तुमच्या 230 हॉर्सपॉवरचं गुपित आहे. रोटरला तीन बाजू. एका फेऱ्यात प्रत्येक बाजूला एकदा बार होतो, म्हणजे पेट्रोल पेटून धक्का बसतो, म्हणजे तीन बार, आणि तेवढ्यात शाफ्टचे तीन फेरे झालेले असतात. म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला एका रोटरचा एक बार. आपल्या फोरस्ट्रोक सिलिंडरला एका बारासाठी क्रँकचे दोन फेरे लागतात. त्यामुळं 654 सीसीचे दोन रोटर कागदावर 1308 सीसी दिसले, तरी काम 2.6 लिटरच्या फोरस्ट्रोकएवढं करतात. जपानच्या करखात्यालाही हे कळलं होतं, त्यांनी रोटरीची सीसी दीडपट धरली. तेव्हा '1.3 मध्ये 230' ही तुलना जरा लबाडीची आहे. एवढ्याशा खोक्यात ती ताकद मावते, हे कौतुक मात्र खरं.

गुळगुळीतपणाबद्दलही मी तुमच्याच बाजूनं. पिस्टन म्हणजे मोटेचे बैल. धावेवरून खाली पळायचं, थांबायचं, पाठीमागं सरकत वर यायचं, पुन्हा थांबायचं. रोटर म्हणजे चरकाचे बैल, गोल फिरत राहायचं. थांबून उलटं फिरण्यात जे हादरे बसतात ते रोटरीत नाहीत. म्हणूनच ते 9000 पर्यंत बिनबोभाट चढतं.

आता 'बिघडणार काय'. हे तुम्हाला मी काय सांगणार, पण तरी सांगतो.

2019 च्या पुरात भोगावतीकाठचं आमच्या मामाचं जुनं ऑइल इंजिन गाळात गेलं. पाणी ओसरल्यावर ट्रॉलीत घालून उद्यमनगरात आणलं. मिस्त्रींनी हेड उतरवलं, पिस्टन काढला, बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, फडक्यानं पुसला आणि आत तर्जनी घालून सावकाश वर ओढली. वरून बोटभर अंतरावर थांबले. मला म्हणाले, 'तूही घाल.' मी घातलं. वरची रिंग जिथं परत फिरते तिथं पायरी लागत होती, नखाला अडकेल एवढी, आणि खाली गंजाचे खड्डे. बोअर मारला, म्हणजे भोक एक माप मोठं केलं, होनिंग करून आतून बारीक घासलं, ओव्हरसाईझ पिस्टन आणि रिंगा टाकल्या. चौथ्या दिवशी मामाच्या उसाला पाणी चालू.

हे जमतं, कारण भोक गोल आहे. गोल भोक कुणीही मोठं करू शकतो, आणि गोल रिंग त्यात अंगभर टेकते. रोटरीचं घर आतून गोल नाही, मध्ये जरा दबलेल्या आठासारखं आहे. त्यात रोटरची तीन टोकं भिंतीला घासत फिरतात आणि प्रत्येक टोकावर एक पातळ पट्टी, तिला एपेक्स सील म्हणतात. ही पट्टी भिंतीला रेघेएवढीच टेकते. फिरताना तिचा भिंतीशी असलेला कोन सारखा बदलतो, आणि दाब कधी पुढून तर कधी मागून येतो. बाजूला वेगळी सीलं, कोपऱ्यात वेगळे तुकडे. हे सगळे जिथं एकमेकांना भेटतात तिथं वायू वाट काढतोच. पट्ट्या कोरड्या पडू नयेत म्हणून पंपानं मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतात, तेही जळतं. गाडी ऑइल 'खाते' म्हणून लोक ओरडतात, पण ती त्यासाठीच बनवली आहे.

त्यात उष्णतेची तऱ्हा. सिलिंडरमध्ये जिथं गार हवा येते तिथंच नंतर बार होतो, त्यामुळं भिंत सगळीकडं सारखी तापते-निवते. रोटरीत हवा घ्यायची बाजू कायम गार, बाराची बाजू कायम तापलेली. एकच परात अर्धी चुलीवर, अर्धी हौदात.

आणि माझा खरा मुद्दा हा की, हे घर झिजलं तर? आतून क्रोमचा कडक थर असतो. तो उडाला की बोअर मारून पुढचं माप नाही. माप वाढवायचं तर रोटरही वाढवावा लागेल, आणि त्याच्या आतल्या गिअरचे दाते व शाफ्टचा एक्सेंट्रिक ठरलेल्या मापाचे. म्हणजे घर नवीनच आणायचं. ज्या गावात कुठलंही झिजलेलं इंजिन 'एक माप वाढवून' पुन्हा उभं करतात, तिथल्या माणसानं तरी हे हलक्यात घेऊ नये.

दाबलं कुणी, हा तुमचा प्रश्न. दाबायला बाहेर राहिलंच कोण होतं? डेमलर-बेंझ, रोल्स-रॉइस, टोयोटा, निसान, सगळ्यांनी लायसन्स घेतलं होतं. जनरल मोटर्सनं 1970 मध्ये त्यासाठी 5 कोटी डॉलरचा करार केला आणि 1974 मध्ये प्रकल्प थांबवला. मध्ये 1973 चं तेलसंकट येऊन गेलं होतं. रोटरीची ज्वलनाची जागा लांबट, पातळ, चंद्रकोरीसारखी. ज्योत टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून एका रोटरला दोन प्लग. तरी थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. आरएक्स-8 शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर देई. उत्सर्जनाचे नियम आवळत गेले आणि 2012 मध्ये तीही बंद झाली.

रोटरीची सुरुवात करणाऱ्या एनएसयू या जर्मन कंपनीची गत तर वाईटच. 1967 ची त्यांची आरओ-80 पुढच्या वर्षी युरोपात 'कार ऑफ द इयर' ठरली, पण सीलं झिजून वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी खचली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या पदराखाली गेली. असं सांगतात, की दोन आरओ-80 वाले रस्त्यात भेटले की बोटं वर करून दाखवायचे, आपलं कितवं इंजिन चालू आहे ते. माझदालाही भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडायचा त्रास होता, त्यांना तिथले लोक सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो आणि त्यांच्या माणसांनी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून सील बनवलं, तेव्हा कुठं 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. त्या जिद्दीला माझा नमस्कारच.

ले मान्स. 1991 मध्ये माझदा 787बी जिंकली, चार रोटर, 700 च्या आसपास हॉर्सपॉवर. पण तिला 830 किलो वजनाची मुभा होती, मर्सिडीज-जग्वारला 1000 किलो भरावं लागत होतं. आणि बंदीचं म्हणाल, तर 3.5 लिटर पिस्टन इंजिनांचा नियम ती शर्यत जिंकण्याआधीच ठरलेला होता. शिवाय चोवीस तास एका दमात पळणं हे रोटरीच्या आवडीचंच काम. गार इंजिन चालू करून, गाडी गेटबाहेर काढून लगेच बंद करा, मग बघा. जास्तीचं पेट्रोल पट्ट्यांवरचं ऑइल धुऊन नेतं, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी चालू व्हायला नखरे करते. दसरा चौकातून बिंदू चौकात जाऊन पेपर आणणाऱ्या माणसाची ही गाडी नव्हे.

'फसलेलं' हा शब्द मात्र मागं घेतो. 2023 मध्ये माझदानं एमएक्स-30 या गाडीत 830 सीसीचा एकच रोटर बसवला, चाकांना न जोडता फक्त बॅटरीसाठी वीज करायला. लहान, हलका आणि हादरे कमी, हे गुण तिथं कामाला येतात. चाक ओढायचं काम जमलं नाही, जनित्राचं जमेलही.

जाता जाता एक काम तुमच्याकडं. शाळेतल्या पोरांना दाखवायला मी प्लायवूडचा रोटर कापलाय. आत 30 दात्यांचा गिअर, मध्ये 20 दात्यांचा पक्का बसवलेला. तो फिरतो. अडतंय ते टोकाच्या पट्टीवर. खाच ढिली ठेवली तर पट्टी खडखडते, घट्ट ठेवली तर मागची स्प्रिंग तिला बाहेर ढकलतच नाही. पट्टी पितळेची आहे, दोन मिलिमीटर जाड. तुम्ही असता तर खाचेत किती ढील सोडली असती?