डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत?

सकाळी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला. 'कोकणात डॉल्फिनचा थरार!!' चार बोटी, मधे दोन डॉल्फिन, शिट्ट्या, आरडाओरडा. खाली सगळ्यांचे बदाम. तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, थरार कसला? जीव घेऊन पळताहेत ते!

दिवाळीनंतर आम्ही मालवणजवळ देवबागला गेलो होतो. पाठीवरचे पंख दिसले तशी आमच्या तांडेलकाकांनी मशीन बंद केली. "वाईच गप रवा. आपसूक येतले वर," म्हणाले. आणि आले की! आई, आणि तिच्या अंगाला चिकटून पिल्लू. त्यांच्या श्वासाचा फुस्स आवाज ऐकू येत होता. माझा भाचा तर हूं की चूं न करता बघत बसला. तेवढ्यात तिकडून तीन बोटी सुसाट आल्या. आई पिल्लाला घेऊन खाली गेली, वर आली ती पार लांब. बोटी वळल्या, पुन्हा तिच्याच मागे.

डॉल्फिन म्हणजे मासा नाही. त्याला हवेसाठी वर यावंच लागतं, आणि आपण नेमके तिथेच इंजिन घेऊन उभे. पोटात वर्षभर वाढवलेलं एकच पिल्लू, पुढचं काही वर्षांनी. धावपळीत त्याचं दूध तुटलं तर? पाण्याखाली हे आवाजावर जगतात, एकमेकांना आवाजाने शोधतात. तिथे चार इंजिनांचा गोंगाट!

आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक हम्पबॅक, पाठीवर उंचवटा असलेले. जगभरात धोक्यात आलेली जात. बॉटलनोज ही दुसरी जातही आपल्या समुद्रात आहे. न्यूझीलंडमध्ये बे ऑफ आयलंड्सला याच बॉटलनोजची संख्या घसरत गेली, तेव्हा तिथल्या सरकारने 2019 मध्ये त्यांच्याबरोबर पोहणं बंद केलं आणि 2021 मध्ये बोटींना 300 मीटर लांब राहायला सांगितलं. पर्यटनावर जगणाराच भाग आहे तो!

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. 2013 मध्ये केंद्राने डॉल्फिन कोंडून खेळ करायलाही मनाई केली. मग भर समुद्रात चार बोटींनी घेरणं हे कोंडणं नाही तर काय आहे?

बोटवाल्यांचं पोट यावर आहे, पावसाळा लागला की धंदा बंद. मान्य. जाळ्यात अडकूनही डॉल्फिन मरतात, तेही खरं.

पण राग मला बोटवाल्यांचा नाही येत. आमचे तांडेलकाकाही त्याच धंद्यातले. परत येताना म्हणाले, मशीन बंद केली की गिऱ्हाईकच ओरडतं, "पैसे कशाचे दिले?" म्हणजे ओरडणारे आपणच ना? पुण्या-मुंबईचे, पोरांना निसर्ग दाखवायला नेणारे.

त्या पिल्लाचं पुढे काय झालं, कोण जाणे. भाचा अजून विचारतो.

डिसेंबरात तारकर्लीचं बुकिंग केलेले माझ्या यादीत बरेच जण आहात. बोटीत चढण्याआधीच सांगा: पाठलाग नको, लांबूनच मशीन बंद करा, खायला काही टाकू नका, आणि नाही दिसला तरी पैसे पूर्ण देऊ. शेवटचं आधी सांगा. त्यांना तेच ऐकायचं असतं.