एक लेख, पाच नावं, पाच बिलं

संताप होतो नुसता. इंदूरमधल्या लहान दुकानदारांना डिजिटलच्या नावाखाली हल्ली जी कोटेशनं मिळतात, ती एकदा ओळीनं वाचून बघा. कंटेंट मार्केटिंग वेगळं, एसईओ कंटेंट, म्हणजे गुगलच्या शोधात वर दिसावं म्हणून लिहिलेलं, ते वेगळं, ब्रँड स्टोरीटेलिंग वेगळं, इनबाउंड मार्केटिंग वेगळं, आणि वर थॉट लीडरशिप, म्हणजे मालकाला त्या विषयातला जाणकार म्हणून पुढं आणणं. प्रत्येकासमोर निराळी रक्कम, शेवटी सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

माझ्या मामाचं राजवाड्याजवळ माहेश्वरी साड्यांचं दुकान आहे. त्याच्याकडे असंच एक कोटेशन आलं. माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून त्यानं मला बोलावलं. "हे वाच गं, आणि एवढंच सांग, माझ्या हातात यातलं काय पडणार?" मी एजन्सीच्या मुलाला फोन लावला आणि एकेक ओळ विचारत गेले. कंटेंट मार्केटिंगमध्ये काय देणार? महिन्याला चार ब्लॉग. एसईओ कंटेंट? तेच ब्लॉग, कीवर्ड म्हणजे लोक गुगलवर शोधतात ते शब्द घालून. स्टोरीटेलिंग? त्याच ब्लॉगमध्ये अहिल्याबाईंची आणि महेश्वरची गोष्ट. इनबाउंड? "मॅम, ब्लॉग वाचून कस्टमर येतील ना, तेच इनबाउंड." आणि थॉट लीडरशिप? त्यातलाच एक ब्लॉग मामाच्या नावानं लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या साइटवर. माहेश्वरी घ्यायला निघालेली बाई लिंक्डइनवर साडी शोधत नाही, हे त्या मुलालाही पक्कं माहीत होतं. तरी ओळ लावलीच.

उद्या मामानं एकाच साडीच्या काठाचे वेगळे आणि पदराचे वेगळे पैसे लावले, तर गिऱ्हाईक दुकानात उभं राहून भांडेल. इथं मात्र कुणी भांडत नाही, कारण समोरचा बोलतोय ते कळलं नाही असं म्हणायची लाज वाटते. याच लाजेवर धंदा चाललाय यांचा.

आणि या शब्दांना अर्थच नाही, असंही नाही. अर्थ आहेत, म्हणून तर जास्त चीड येते. गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काहीतरी स्वतः तयार करायचं, स्वतःच्या जागेवर द्यायचं आणि त्यातून विश्वास कमवायचा, हे कंटेंट मार्केटिंग. शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉन डीअरनं १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं मासिक सुरू केलं. मिशलिन ही टायर कंपनी. तिनं १९०० मध्ये फ्रान्समधल्या मोटारवाल्यांना एक मार्गदर्शिका फुकट वाटली, दुरुस्ती कुठं होते, मुक्काम कुठं करता येतो, अशा माहितीची. लोक गाडीनं जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, इतका सरळ हिशेब. मामाच्या दुकानात बायका रोज विचारतात की गर्भरेशमी म्हणजे नक्की काय. उभा धागा रेशमी, आडवा सुती. ही साडी घरी धुवायची का? काठ दोन्ही बाजूंनी सारखा कसा? या प्रश्नांची नीट उत्तरं लिहिली तर तेच त्याचं कंटेंट मार्केटिंग. आणि ती लोक गुगलवर ज्या शब्दांत शोधतात त्या शब्दांत लिहायची, हा लिहिण्याचाच भाग. त्याचे पैसे वेगळे कसले मागता?

कंटेंट स्ट्रॅटेजी हे खरोखर वेगळं काम आहे. कुणासाठी लिहायचं, काय लिहायचंच नाही, जुनं कोण सुधारणार, काय काढून टाकायचं, हे सगळं आधी ठरवणं. त्या कोटेशनमध्ये नेमकी तीच ओळ नव्हती! इनबाउंड हा शब्द गाजवला हबस्पॉटच्या ब्रायन हॅलिगन आणि धर्मेश शहा यांनी. त्यांची कंपनी २००६ ची, आणि तिचं सॉफ्टवेअरच त्या कामाचं. आलेल्या माणसाचा नंबर किंवा ईमेल घेणं, त्याला पुढची माहिती पाठवणं, विक्रीपर्यंत आणि विक्रीनंतरही त्याच्याशी संबंध ठेवणं, हे सगळं त्यात येतं. इथं ना फॉर्म, ना ईमेल, ना फॉलोअप. चार ब्लॉग टाकायचे आणि इनबाउंडचे पैसे घ्यायचे, ही शुद्ध फसवणूक आहे.

पण माझं डोकं खरं फिरलं ते शेवटच्या ओळीवर. 'ऑरगॅनिक ब्रँडेड कंटेंट.' म्हणजे काय, तर इंदूरच्या एका फॅशन पेजला पैसे देऊन दुकानाचा रील करून घ्यायचा आणि तो जाहिरात वाटू द्यायचा नाही. अरे, ऑरगॅनिक म्हणजे पैसे न देता आपोआप पसरणारं. पैसे दिले तर ऑरगॅनिक कसलं? जागा दुसऱ्याची, पैसे आपले, म्हणजे ती जाहिरात. तिला नेटिव्ह म्हणा, स्पॉन्सर्ड म्हणा, ब्रँडेड म्हणा. जाहिरात मानकांवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं इन्फ्लुएन्सरच्या जाहिरातींसाठी २०२१ मध्येच नियम काढले, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही बजावलं: पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ते ठळकपणे सांगा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. एजन्सी शब्द फिरवून मोकळी होणार आणि नोटीस आली तर दुकानाच्या पत्त्यावर! मी हे त्या मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "मॅम, सगळेच करतात."

आता तर एईओ आणि जीईओ आलेत. चॅटजीपीटीसारख्यांच्या उत्तरांत आपलं नाव यावं म्हणून करायचं काम म्हणे. मी त्याचा नमुना मागितला. आला तो तोच ब्लॉग, खाली पाच प्रश्नोत्तरं चिकटवलेली.

मामाला मी सांगितलंय, नावं वाचूच नकोस. प्रत्येक ओळीसमोर त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घे: नक्की काय बनवून देणार, ते कुणाच्या जागेवर दिसणार आणि तिथं दिसण्याचे पैसे कुणी कुणाला दिले. आणि दोन ओळींसमोर एकच उत्तर आलं, तर त्यातली एक तिथल्या तिथं खोडून टाक.