टी-३४ वरच्या ‘ओबडधोबड’ वेल्डबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

दोनच तारे का दिले, ते आपण सविस्तर लिहिलंत हे बरं झालं. आपल्या तक्रारी अशा: टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या १/३५ स्केलच्या मॉडेलवर वेल्डचे सांधे ‘कुठे गुळगुळीत, कुठे गांडुळासारखे’, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) बाजूची रेघ अर्धवट घासून सोडलेली, मित्राकडच्या टायगर या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलचं काम याहून सफाईदार, आणि एवढं करून वेल्डचे पैसे वेगळे लावले. इतर गिऱ्हाइकंही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

आपली ऑर्डर होती १९४२ सालच्या, निझ्नी तागीलच्या १८३ नंबर कारखान्यातल्या टी-३४/७६ ची. हा कारखाना मूळचा खारकीवचा. १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा तो उचलून उरलमध्ये नेला. येवगेनी पातोन यांची कीव्हची वेल्डिंग संस्थाही त्याच गावात हलवली गेली आणि त्यांच्या माणसांनी फ्लक्सच्या (सांधा झाकणाऱ्या भुकटीच्या) थराखाली चालणारं स्वयंचलित वेल्डिंग रणगाड्याच्या हलवर, म्हणजे मुख्य धडावर, आणलं. आता हे यंत्र चालतं लांब, सरळ, आडव्या सांध्यावर. तिथली वेल्ड सपाट आणि एकसारखी येते. कोपऱ्यात, उभ्या सांध्यावर, आखूड तुकड्यांवर मात्र माणूसच इलेक्ट्रोड घेऊन बसायचा, आणि त्या काळात तिथे नवशिके पुष्कळ होते. एकाच गाडीवर दोन तऱ्हेच्या वेल्ड दिसतात त्या यामुळे. आपल्या मॉडेलवर त्या मुद्दाम तशा केल्या आहेत. सगळीकडे एकच धाटणी ठेवली असती तर आमचं काम निम्म्यात उरकलं असतं.

टरेटवरची ती रेघ तर वेल्ड नाहीच. हे टरेट ओतीव होतं. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे धातूची कड उरते, ती कारखान्यात घाईघाईने छाटलेली असे. वेल्ड आहे ती वरच्या छताच्या प्लेटभोवती, आणि ती हाताने केलेली. ओतीव भाग आणि वेल्डचा भाग शेजारीशेजारी बघायचे असतील तर नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा उभा आहे: हल वेल्ड केलेलं, टरेट ओतीव. मी स्वतः नवीन पोरांना आधी तिकडे पाठवतो, मगच हातात पुट्टी देतो.

टायगरशी तुलना मला पटत नाही. टायगर १ च्या जाड प्लेटा (पुढची १०० मिलिमीटर, बाजूच्या ८०) खाचा पाडून एकमेकींत बसवायचे आणि मग सांधा भरायचे. ती रीतच वेगळी. टी-३४ वर टायगरची सफाई आणली तर शोकेसमध्ये छान दिसेल, पण मग ती गाडी तागीलची राहणार नाही.

पैशाचं म्हणाल तर किटवर हे सांधे बहुतेकदा नुसती रेघ म्हणून येतात, काही ठिकाणी तेवढीही नसते. आम्ही आधी तिथे खाच कोरतो. एपॉक्सी पुट्टीचे दोन भाग मळून थोडे आवळू देतो, काचेवर टाल्कम पसरून त्याची केसासारखी वळी लाटतो, ओल्या ब्रशने ती खाचेत बसवतो. मग पितळी नळीच्या तिरक्या कापलेल्या टोकाने एकेक चंद्रकोर दाबायची, भिंग लावून, सांधा संपेपर्यंत. पुट्टी मध्येच कडक झाली की तो तुकडा काढून पुन्हा पहिल्यापासून. यंत्राच्या वेल्डसाठी ताणलेलं स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडून येतात ती, तापवून ओढलेली) लावून पातळ सिमेंटने, म्हणजे मॉडेलच्या गोंदाने, मऊ करतो, ते त्या मानाने सोपं. पावतीवरची वेगळी रक्कम या हातकामाची आहे आणि ऑर्डर घेतानाच ती सांगितली होती.

वेल्ड फार जाड दिसतात असंही आपण लिहिलंय. खरी २० मिलिमीटरची वेल्ड १/३५ मध्ये साधारण ०.५७ मिलिमीटर होते, आम्ही ०.५ ते ०.६ च्या मध्ये राहतो. मॉडेल आपण विनारंग नेलं होतं. आपण टाकलेल्या फोटोत सांध्याच्या दोन्ही कडांना काळा वॉश (खाचांत उतरवायचा पातळ रंग) साचलाय, त्याने कुठलीही वेल्ड फुगलेली दिसते. व्हाइट स्पिरिटमध्ये (मिनरल टर्पेंटाइनमध्ये) बुडवलेल्या ब्रशने तो वॉश ओढून काढा (खाली अॅक्रिलिक रंग असेल तरच, एनॅमल असेल तर रंगही निघून येईल), फरक लगेच दिसेल.

पैसे परत करणार नाही. काम ठरल्याप्रमाणे झालेलं आहे. तरीही सपाट सांधेच आवडत असतील तर मॉडेल घेऊन या, घासून देतो, त्याचे पैसे नकोत. रंग मात्र आपल्याला परत मारावा लागेल. येण्याआधी फोन करा, मंगळवारी दुकान बंद असतं.