खात्री तेवढी देऊ नका

आपला देश भलत्याच वेगाने पुढे जाईल अशी धास्ती तुम्हाला वाटत असेल, तर निर्धास्त व्हा. उपाय आहेत आणि जगभर वापरून झालेले आहेत. आधी एक गैरसमज काढून टाका. देश मागे ठेवायला कायदे मोडावे लागतात, असे पुष्कळांना वाटते. छे! कायदे भरपूर करा, जाडजूड करा, दर पावसाळ्यात त्यांत एक दुरुस्ती आणा. फक्त आपले काम कधी होईल, होईल की नाही आणि झालेले टिकेल की नाही, याची खात्री तेवढी कुणाला देऊ नका.

हे शास्त्र मी इंदूरच्या रामबागेत राहून शिकलो. वडील गेल्यावर घर आमच्या नावावर करायचे म्हणून एका कार्यालयात नामांतरणाचा अर्ज दिला. (कार्यालयाचे नाव सांगत नाही, फाइल अजून तिथेच आहे.) आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. आजोबांचा कागद होळकरशाहीतला, मोडी लिपीतला, त्यात ‘ळ’. पुढचे सगळे कागद हिंदीत, त्यांत ‘ल’. खिडकीपलीकडच्या बाबूने चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, “अंकल, ये तो दो अलग आदमी हैं।” शपथपत्र करून आणले. त्यात टायपिस्टने ‘ळ’च्या जागी ‘ड’ टाकला. आता आम्ही तीन माणसे झालो.

बाबूने पैसे मागितले नाहीत, हे लक्षात घ्या. नवशिके तिथेच चुकतात. लाचेचा दर एकदा ठरला की तीही एक खात्रीच होते. लोक ती खर्चात धरतात आणि दुकान उघडून मोकळे होतात. खरा कसबी माणूस तीन खिडक्या ठेवतो आणि तिन्हींचा एकमेकींशी अबोला ठेवतो.

पेरूमध्ये हे फार सुरेख जमले होते. अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या लोकांनी लिमाच्या वेशीवर एका कामगाराचा शिवणकामाचा छोटा कारखाना रीतसर नोंदवून पाहिला. रोज सहा तास खपून 289 दिवस लागले आणि 1,231 डॉलर, म्हणजे तिथल्या किमान मासिक वेतनाच्या 31 पट. मग शिंपी नोंदणीच्या नादी लागतच नाही. नोंदणी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून दुसरे मशीन येत नाही. कुणाच्याही अंगाला बोट न लावता काम फत्ते.

घाईत असाल तर रशियाचा नमुना घ्या. 1992 मध्ये तिथे प्रत्येक नागरिकाच्या हाती 10,000 रूबल दर्शनी किमतीचे व्हाउचर, म्हणजे सरकारी कंपन्यांच्या शेअरांत बदलता येणारा कागद, देऊन त्याला कारखान्यांचा मालक केले. मालकाचा हक्क राखणारी न्यायालये मात्र सावकाश उभी राहू दिली. 1995 मध्ये सरकारने बँकांकडून कर्ज काढले, तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे शेअर ठेवले आणि लिलाव चालवायला त्याच बँका बसवल्या. नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीचा 38 टक्के हिस्सा 17 कोटी डॉलरच्या आसपास गेला. दुप्पट बोली लावणारा अपात्र ठरला. नियमात बसतच नव्हता बिचारा.

लांब कशाला जायचे? आपली इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी द्यायची हे कुणी नाकारले नाही, ती नाकारण्याची गरजच नसते. सुमारे 4,800 कामगारांच्या 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023 रोजी. तोवर कित्येकांच्या जागी वारस आले होते. तेवढी वर्षे जमीन अडकली, यंत्रे गंजली, पैसा निजला. एकच गोष्ट हाताबाहेर गेली: अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी, म्हणजे चित्ररथ. मिल बंद, पगार बंद, तरी कामगार वर्गणी काढून झांकी सजवत राहिले.

बोट्स्वानासारखे मात्र कधी वागू नका. 1966 मध्ये स्वतंत्र झालेला गरीब, कोरडा देश. सेरेत्से खामा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या सरकारने खनिजांचा हक्क जमातींकडून काढून देशाकडे दिला. त्यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलुखातही हिरे निघाले, तरी नियम तोच. असे केले की लोकांचा विश्वास बसतो आणि मग काही खरे नाही.

नियम आणि संस्था यांच्यावर देशाची भरभराट कशी ठरते, या विषयावर 1993 मध्ये डग्लस नॉर्थ यांना आणि 2024 मध्ये असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या बाबूला अजून नाही.

आणि हो, पाहुण्यांना इंदूरच्या सराफ्यात नेऊ नका. दिवसा सोन्याचांदीची दुकाने, रात्री शटर पडले की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या: गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, जलेबा (भलीमोठी जिलबी). कुठल्या ओट्यापुढे कोण, किती वाजल्यापासून, सगळ्यांना ठाऊक. एका जलेबावाल्याला विचारले, काही कागद आहे का? झारा थांबवून तो म्हणाला, “काहे का कागज, भिया? दादाजी के टाइम से यहीं खड़े हैं।” असला माणूस धोक्याचा. त्याला उद्या सकाळी आमच्या खिडकीवर पाठवा. त्याच्या आडनावात ‘ळ’ नसेल, पण बाबू काहीतरी शोधून काढेल.