हौसेच्या ऑपरेशनची तक्रार करायची नसते म्हणे

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सहा महिन्यांनी "अजून दुखतंय हो" म्हणायची मुभा असते. लोक शेकायच्या पिशव्या सुचवतात, मालिशवाल्याचा नंबर देतात. मी पोटाची आणि दंडांची सैल कातडी ऑपरेशन करून काढून घेतली. ते मनासारखं झालं नाही असं म्हटल्यावर पहिलं वाक्य ऐकलं, "कोणी सांगितलं होतं?" दुसरं, "किती गेले?" तिसरं कुणी तोंडाने बोलत नाही, पण चेहऱ्यावर वाचता येतं: बरी खोड मोडली.

म्हणून बायका गप्प बसतात. पुरुषही. हल्ली छातीची चरबी काढून घेणारे तरुण मुलगे काही कमी नाहीत. आणि गप्प बसल्यामुळे एक तर फॉलोअपला जाणं सोडून देतात, नाही तर घाईघाईत दुसऱ्या ऑपरेशनला उभे राहतात. दोन्हीत नुकसान आपलंच.

माझं थोडक्यात सांगते. काही वर्षांपूर्वी बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन, झालं. वजन उतरलं, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, पर्वती एका नाही तरी दोन दमांत चढायला लागले. कातडी मात्र जुन्याच मापाची राहिली. पोटावरची घडी मांडीवर यायची. एप्रिल-मेमध्ये तिच्याखाली ओल राहून बुरशीचा संसर्ग ठरलेला. मलम, पावडर, सुती रुमालाची घडी करून आत ठेवणं, ऑफिसात दुपारी बाथरूममध्ये जाऊन तो बदलणं. याला हौस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

विमा कंपनीने तेच म्हटलं. पहिल्या ऑपरेशनचे पैसे मिळाले, कारण विमा नियामकाच्या अटींत मी बसत होते: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, किंवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्याच ऑपरेशनमुळे लोंबलेली कातडी काढायची म्हटल्यावर मात्र ती 'कॉस्मेटिक' ठरली आणि पॉलिसीतून बाद झाली. वर १८ टक्के जीएसटी. जन्मजात व्यंग किंवा इजेमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करणारी प्लास्टिक सर्जरी करातून सुटते, माझी नाही सुटली. गंमत अशी की प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात आपलं पुणं मानाने येतं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कोवासजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. १७९४मध्ये त्याचं वर्णन लंडनच्या एका मासिकात छापून आलं आणि पुढे तिकडच्या सर्जननी ती पद्धत उचलली. कोवासजीला "कशाला नसती थेरं" असं कुणी म्हटलं नसणार.

आता माझा निकाल. पोटाखालचा संसर्ग संपला, ते श्रेय देऊन टाकते. पण कंबरेवरची शिवण जिथे संपते तिथे दोन्ही बाजूंना कातडीचे कोंब उभे राहिलेत. सर्जन लोक त्याला 'डॉग इअर' म्हणतात. बेंबीखाली तळहाताएवढा भाग बधिर आहे. डाव्या दंडावरचा व्रण बारीक, उजव्यावरचा काखेपासून कोपराजवळपर्यंत रुंद आणि काळपट. दोन्ही दंड सारखे झालेले नाहीत हे माझ्याआधी लक्ष्मी रोडवरच्या माझ्या टेलरकाकांच्या लक्षात आलं. टेप गुंडाळताना म्हणाले, "ताई, उजवी बाही जरा सैल ठेवतो," आणि पुढे एक शब्द विचारला नाही. एवढा सभ्यपणा मला नात्यात मिळाला नाही. नणंदबाई हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढं करून शेवटी बाही लांबच?"

दंडाच्या ऑपरेशनमध्ये लांब व्रण येतोच. सैल कातडी द्यायची आणि बदल्यात व्रण घ्यायचा, असा तो रोख व्यवहार आहे. हे कुणी सांगायला हवं होतं? माझ्या मते अर्धी निराशा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, काउन्सेलरच्या खोलीत तयार होते. काउन्सेलर म्हणजे डॉक्टर नव्हे. छान बोलणारी, टॅबलेट हातात असलेली मुलगी. 'आधी'च्या फोटोत बाई ट्यूबलाइटखाली खांदे पाडून उभी. 'नंतर'च्या फोटोत तीच बाई, अंग किंचित वळवलेलं, प्रकाश बाजूने, पोट आत. हात वर करून काखेतला व्रण दाखवणारा एकही फोटो त्या टॅबलेटमध्ये नव्हता. ईएमआयचा तक्ता होता. सर्जन भेटले दहा-पंधरा मिनिटं, आणि गुंतागुंतींची यादी असलेला इंग्रजी फॉर्म आला आदल्या संध्याकाळी, सलाइन लावायच्या आधी. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्येच सांगून ठेवलंय की संमतीआधी उपचाराचं स्वरूप, धोके, पर्याय हे सगळं पेशंटला समजेल असं सांगायला हवं. नुसती सही म्हणजे संमती नव्हे.

वजन खूप उतरलेल्यांची कातडी वेगळी वागते, हेही मला नंतर वाचून कळलं. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीचा लवचीकपणा गेलेला असतो, त्यामुळे घट्ट शिवली तरी ती पुन्हा काहीशी सैलावते. बॅरिअॅट्रिकनंतर प्रथिनं, लोह, बी१२ कमी पडतात, त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. जाहिरातीतली बाई अशी नसते. ती मुळात बारीक असते.

दुसरा गैरसमज लायपोसक्शनचा. ओळखीतल्या एका गृहस्थांनी पोटाचं लायपो करून घेतलं आणि पोट जवळजवळ जागेवरच राहिलं. हातपाय काटक, पोट माठासारखं. लायपोसक्शनची नळी कातडीखालची चरबी ओढते. आतड्यांभोवतीची, पोटाच्या स्नायूंच्या आतली चरबी तिच्या हाती लागतच नाही. आणि आपल्या लोकांत ही आतली चरबीच फार. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्यात लायपो विकणाऱ्या प्रत्येक वेटिंग रूममध्ये तो फोटो फ्रेम करून लावायला हवा. धंदा थोडा बसेल, बसू दे.

मग निकाल वाईट वाटला तर करायचं काय? आधी थांबायचं. सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. व्रण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात भयंकर दिसतो, लाल आणि जाड, आणि निवायला वर्ष-दीड वर्ष घेतो. या काळात सिलिकॉन जेल, मालिश, उन्हापासून जपणं. व्रण गाठीसारखा वाढत असेल तर मात्र थांबायचं नाही, स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना लगेच विचारायचं, आपल्या सावळ्या कातडीत अशा गाठींची, म्हणजे केलॉइडची, खोड जास्त. आणि ताप, वाढता लालसरपणा, एकदम एका बाजूला आलेली सूज, पोटरीत दुखणं, धाप, यांना 'निकाल' म्हणत घरी बसू नका. ती इमर्जन्सी आहे.

पुण्याच्या ऐन उन्हाळ्यात ऑपरेशननंतर घालायला देतात तो घट्ट गारमेंट दिवसभर घालून बसलं की कुणालाही रडू येतं. त्या आठवड्यांत आरशासमोर घेतलेला कोणताही निर्णय माझ्या लेखी बाद. दर महिन्याला त्याच भिंतीपाशी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवायचे, एवढंच करायचं. ते पुढे तीन ठिकाणी लागतात: सर्जनशी बोलताना, दुसऱ्या सर्जनला दाखवताना, आणि वेळ आलीच तर तक्रार करताना.

तक्रारीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. डॉक्टर म्हणतात वर्षभर थांबा, आणि ते बरोबरच म्हणतात. पण ग्राहक आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. थांबण्यातच ती संपू शकते. म्हणून थांबा, पण कागद आधी हातात घ्या: ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र, डिस्चार्ज समरी, बिलं. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायला डॉक्टर बांधील आहेत. मी ईमेलने मागितल्या तेव्हा तिथल्या रिसेप्शनचा आवाजच बदलला. "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" प्रॉब्लेम असल्याशिवाय कागद मागू नयेत अशी काही रीत आहे का? आणि वकील करण्याआधी हेही समजून घ्या की निकाल आवडला नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला असं कायदा मानत नाही. शब्द दिला एक आणि केलं भलतंच, धोका सांगितलाच नाही, गुंतागुंत दिसत असून बघितली नाही, असं काहीतरी दाखवावं लागतं.

सेकंड ओपिनियन घेताना त्या सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघा. 'कॉस्मेटिक एक्स्पर्ट' ही पदवी नव्हे. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत आणि लगेच तारीखही दिली नाही. मला ते आवडलं. म्हणाले, कमरेचे कोंब लोकल अॅनेस्थेशियात निघतील, बधिरपणा कमी होईल पण पूर्ण जाईलच असं नाही, दंडाचा व्रण पुन्हा कापला तर सुधारेलही आणि पुन्हा रुंदही होईल. मग पेन खाली ठेवून विचारलं, "हे सगळं दुरुस्त झालं तर तुमच्या दिवसात नेमकं काय बदलेल?" हा प्रश्न पहिल्या ठिकाणी कुणी विचारला नव्हता. काही जणांना शरीरातला एकच दोष दिवसरात्र छळतो, कितीही ऑपरेशनं केली तरी, आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो. ते ओळखणं सर्जनचं काम आहे, काउन्सेलरचं नाही.

मी कोंब काढून घेणार आहे, पावसाळा संपल्यावर. साडीची निरी नीट बसत नाही, एवढं साधं कारण आहे. दंडाला हात लावणार नाही. नणंदबाईंना जे म्हणायचं ते म्हणू देत.

ज्यांनी दंडाच्या व्रणाचं दुसऱ्यांदा करून घेतलंय त्यांनी खाली किंवा इनबॉक्समध्ये लिहा, मला खरंच ऐकायचंय. माझ्या डॉक्टरांचं नाव विचारू नका. आधीच्याही नाही आणि नंतरच्याही नाही. "वजन कसं कमी केलंत" हेही आज नको.