हिंदी बंद झालेली नाही, वही रद्दीत टाकू नका

‘सरकारने हिंदी रद्द केली, आता सहावी ते आठवीच्या मुलांना हा विषय नाही,’ असा मेसेज सध्या नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मुळात घडलं ते असं. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणली. विरोध झाल्यावर 17 जूनला सुधारित निर्णय निघाला आणि 29 जूनला दोन्ही मागे घेण्यात आले. वाद होता तो पहिली ते पाचवीच्या त्रिभाषा धोरणाचा. डॉ. नरेंद्र जाधवांची समितीही त्यासाठीच नेमली गेली. सहावीपासून पुढे आधीपासून शिकवली जाणारी हिंदी त्या निर्णयांनी काढलेली नाही.

पंचवटीतल्या एका ताईंनी मेसेज वाचून मुलाची दोनशेपानी वही चक्क रद्दीवाल्याला दिली! पहिली सातच पानं लिहिलेली होती, त्यातही प्रत्येक ‘मैं’चा अनुस्वार उडालेला आणि ‘बड़ा’खालचा नुक्ता गायब. मराठी मुलांचं हे नेहमीचंच; मराठीत ‘ड’खाली टिंब येत नाही, म्हणून हात तिथे थांबतच नाही. ‘मैंने रोटी खाई’ का आणि ‘मैंने रोटी खाया’ का नाही, हे तर वेगळंच दुखणं. आकारिक चाचणीत नेमके इथेच गुण जातात.

आठवीला काही शाळांत हिंदी-संस्कृत संयुक्त किंवा संपूर्ण संस्कृत घेता येतं. ते वर्गशिक्षकांना विचारा, ग्रुपला नको.