काझुकी साकुराबाला जे मिळालं, ते शिरवळकरांना का नाही?

साहित्य संमेलन जवळ आलं की महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि रविवारच्या पुरवण्यांत एक जुना वाद पुन्हा पेटतो: लोकप्रिय लेखन हे साहित्य आहे का? एक बाजू म्हणते की रहस्यकथा, भयकथा, मोबाईलवरच्या मालिका हे निव्वळ रंजन, त्याला वाङ्मयाच्या मांडवात जागा कशाला? दुसरी म्हणते, लोक वाचताहेत ना, मग झालं. यंदा हा वाद आमच्या घरातच शिरला. नाशिकला माझा भाचा एका ॲपवर भयकथेची मालिका लिहितो. वाचक त्याला भरपूर आहेत. भाऊ मात्र त्याला सारखा म्हणतो, "हे पुरे झालं, आता काहीतरी खरं लिही." भाच्याने मला विचारलं, "आत्या, तुमच्याकडे जपानमध्ये असं म्हणतात का गं?"

म्हणतात. पण तिथेच थांबत नाहीत. काझुकी साकुराबा या लेखिकेची वाटचाल पाहिली की मला काय म्हणायचंय ते कळेल.

साकुराबा लाइट नॉव्हेल लिहायची. खिशात मावणारी स्वस्त पुस्तकं, मुखपृष्ठावर ॲनिमेतल्यासारखी, म्हणजे जपानी कार्टूनपटांतल्यासारखी, मोठ्या डोळ्यांची मुलगी, सुरुवातीला दोन-चार रंगीत पानं, वाचक बहुतेक शाळा-कॉलेजातले. १९७१चा जन्म, बालपण तोत्तोरी या आडबाजूच्या प्रांतात. १९९९मध्ये एका स्पर्धेत तिचं लेखन निवडलं गेलं आणि पहिलं पुस्तक निघालं. पुढची काही वर्षं तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २००३मध्ये 'गोसिक' ही मालिका सुरू झाली आणि तिला वाचक मिळाले. १९२४ सालातला एक काल्पनिक युरोपीय देश, तिथल्या निवासी शाळेत शिकायला आलेला एक सरळमार्गी जपानी मुलगा, आणि ग्रंथालयाच्या उंच मनोऱ्यावर पाइप ओढत, पुस्तकांच्या ढिगात बसून खुनांचा छडा लावणारी चिमुकली व्हिक्टोरिक. आपल्याकडच्या समीक्षकाने पहिलं चित्र पाहूनच पुस्तक मिटलं असतं.

'गोसिक' काढणाऱ्या त्याच चित्रमय पुस्तकमालेत २००४मध्ये तिची एक वेगळी छोटी कादंबरी आली. समुद्रकाठच्या गावात राहणारी, स्वतःला जलपरी म्हणवणारी एक मुलगी आणि तिची वर्गमैत्रीण. ती मुलगी मारली जाणार हे पहिल्याच पानावर सांगून टाकलंय. म्हणजे वाचायचं ते रहस्यासाठी नाही. घरात मार खाणारं मूल काय काय खोटं रचून जगतं, ते वाचायचं. मुखपृष्ठावर मात्र तशीच गोड मुलगी. २००७मध्ये हेच पुस्तक जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, त्या चित्रांशिवाय, मोठ्यांसाठी पुन्हा काढलं गेलं. लेखिकेने आता काहीतरी 'खरं' लिहावं म्हणून कोणी थांबून राहिलं नाही. लिहिलेलंच खरं आहे, हे एका संपादकाला दिसलं.

मग तोत्तोरीतल्या लोखंडाच्या धंद्यातल्या घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची कादंबरी आली, तिला रहस्यकथाकारांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. आणि जानेवारी २००८मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, 'वाताशी नो ओतोको' या कादंबरीसाठी नाओकी पुरस्कार. १९९३च्या भूकंप-त्सुनामीत अनाथ झालेली मुलगी आणि तिला सांभाळणारा माणूस यांच्यातल्या निषिद्ध नात्याची, काळात उलटी मागे जाणारी ही कादंबरी वाचून मी अस्वस्थ झाले होते.

नाओकी पुरस्काराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. किकुची कान या लेखक-संपादकाने १९३५मध्ये, आपल्या दोन दिवंगत मित्रांच्या नावाने, दोन पुरस्कार एकदमच सुरू केले. अकुतागावा पुरस्कार गंभीर साहित्यातल्या नव्या लेखकांसाठी, नाओकी लोकप्रिय साहित्यासाठी. दोन्ही वर्षातून दोनदा, एकाच संध्याकाळी जाहीर होतात. दोन्हींचं बक्षीसही तेच: एक घड्याळ आणि दहा लाख येन. म्हणजे रंजन करणारं लेखन चांगलं आहे की वाईट, हे त्या लेखनाच्या निकषांवर जोखायची जागा तिथे नव्वद वर्षांपासून आहे. आपल्याकडे 'रंजनवादी' ही शिवी आहे. ती दिली की जोखायची गरजच उरत नाही.

सुहास शिरवळकरांनी पॉकेटबुकांतून दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन हे रहस्यकथांचे नायक रंगवले, आणि त्याच हाताने 'दुनियादारी' ही कादंबरी लिहिली. ते गेले २००३मध्ये. सिनेमा आला २०१३मध्ये, आणि मग सगळ्यांना एकदम त्यांचं प्रेम आलं. भयकथाकार नारायण धारप २००८मध्ये गेले. त्यांच्या कथेवरून सुचलेला 'तुंबाड' हा सिनेमा २०१८मध्ये आला, तेव्हा लोक त्यांच्या कथा शोधायला लागले. दोघांच्याही बाबतीत मृत्यूनंतर दहा वर्षं, आणि तीही सिनेमाची कृपा. वाचक त्यांना हयातीतही होते. नव्हता तो मान, आणि त्यांच्या चांगल्या पुस्तकांना वाईट पुस्तकांपासून वेगळं काढणारा माणूस. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या उत्तम पंचवीस कोणत्या, हे मला आजही कोणी सांगू शकत नाही, याचा मला राग येतो.

जपानचं सगळं गोड आहे असं मात्र नाही. नाओकी मिळाला तो 'गोसिक'ला नव्हे, एका प्रतिष्ठित प्रकाशनाच्या जाड पुस्तकाला. कप्पे आहेतच. इथल्या पुस्तकांच्या दुकानात लाइट नॉव्हेलची कपाटं आजही वेगळी असतात, आणि खप दिसला नाही तर नव्या लेखकाची मालिका निर्दयपणे मध्येच तोडली जाते. 'गोसिक' जिच्यात निघत होती ती प्रकाशकाची पुस्तकमालाच २००९मध्ये बंद पडली.

पण त्यानंतर जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. 'गोसिक' अर्धवट होती. एवढा मोठा पुरस्कार मिळालेल्या लेखिकेने ती जुनी पोरवयातली गोष्ट म्हणून सोडून दिली असती तरी चाललं असतं. तिने सोडली नाही. मालिका दोन रूपांत परत आली: मोठ्यांच्या खिशातल्या आवृत्तीत, चित्रांशिवाय, आणि किशोरवयीन मुलींच्या पुस्तकमालेत, चित्रांसकट. २०११मध्ये तिने ती शेवटाला नेली. त्याच वर्षी ॲनिमेही आला.

भावाला मी फोनवर हेच सांगितलं. भाच्याने भयकथा सोडू नये. त्याला हवाय तो संपादक: जो म्हणेल की अकरावा भाग पाल्हाळिक आहे, वाड्यातली आजी मात्र जिवंत उतरलीय, तिला आणखी जागा दे. ॲप हे करणार नाही, त्याला फक्त पुढचा भाग हवा असतो. हे काम पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचं आहे. वर्षाला एक अशी मालिका ॲपवरून उचलावी, सहा महिने तिच्यावर लेखकासोबत बसावं आणि नीट पुस्तक काढावं. संमेलनाच्या मांडवात जागा द्यायची की नाही, ते नंतर ठरवू. आधी ते पुस्तक वाचायला तरी मिळू दे.